निरोपाला लागणारा वेळ

ग्रिनिचच्या वेधशाळेतून १७९६ साली डेव्हिड किनब्रूक नावाच्या साहाय्यकाला काढून टाकण्यात आलं. कारण होतं आठ दशांश सेकंद.

किनब्रूकचं काम ऐकायला सोपं होतं. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले असत आणि तारा त्यांच्या मागून सरकत जाई. शेजारी लंबकाचं घड्याळ दर सेकंदाला ठोका देई. निरीक्षकाने डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळावर ठेवायचा. ताऱ्याने धागा ओलांडला तो क्षण दोन ठोक्यांच्या मध्ये नेमका कुठे पडला हे मनातल्या मनात दहा भाग पाडून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. राजज्योतिषी नेव्हिल मास्केलिन यांच्या लक्षात आलं, की किनब्रूकच्या नोंदी आपल्या नोंदींपेक्षा उशिराच्या आहेत. १७९५च्या ऑगस्टमध्ये हा फरक अर्धा सेकंद होता. पुढच्या जानेवारीपर्यंत तो आठ दशांशांवर गेला. एवढ्या वेळात विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीबरोबर सुमारे ३७० मीटर पुढे गेलेला असतो. जगभरची जहाजं ज्या वेधशाळेच्या भरवशावर आपला रेखांश काढत, तिथे हे चालण्यासारखं नव्हतं.

वीसेक वर्षांनी ही हकिकत क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिख बेसेलच्या वाचनात आली आणि त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. चूक किनब्रूकचीच कशावरून? तो स्वतःची निरीक्षणं इतर कसलेल्या खगोलज्ञांशी ताडून पाहू लागला. प्रत्येक जोडीत फरक निघाला. एका जोडीत तर एक सेकंदाहूनही जास्त. म्हणजे बघणं आणि ऐकणं यांची सांगड घालायला प्रत्येक माणसाला आपापला वेळ लागतो. मास्केलिन यांनाही तो लागत असणारच. पण ते राजज्योतिषी असल्यामुळे त्यांचा उशीर शून्य धरला गेला. या फरकाला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव पडलं. ज्यापायी एकाची नोकरी गेली, ती गोष्ट आता मोजून वजा करायची एक राशी झाली.

मी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहितो. कार्ड म्हणजे संगणकाला नेटवर्कच्या वायरशी जोडणारं हार्डवेअर, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या हार्डवेअरशी त्याच्या भाषेत बोलणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातला प्रोग्रॅम. काही काळापूर्वी एका कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये पीटीपीची, म्हणजे ‘प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल’ची सोय करण्याचं काम माझ्याकडे आलं. वायरने जोडलेल्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्याही आत जुळवणं, हे या प्रोटोकॉलचं काम. ते करताना संदर्भ शोधत मी मागे मागे जात राहिलो आणि बेसेलपाशी पोचलो. एकविसाव्या शतकातल्या चिपचं मॅन्युअल आणि एकोणिसाव्या शतकातल्या खगोलज्ञांची भांडणं एकाच गोष्टीबद्दल आहेत, असं माझं मत झालं आहे. ती गोष्ट म्हणजे: वेळ पाठवता येत नाही, पाठवता येतो फक्त निरोप. आणि निरोपाला वेळ लागतो.

पाच आणि पाच, की सात आणि तीन?

घड्याळं जुळवायची गरज का पडते? कारण ती जुळलेली राहत नाहीत. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चाल दहा लाखांत वीस भागांनी चुकणं काही विशेष नाही. दिवसाच्या हिशेबात हे पावणेदोन सेकंद होतात. स्वयंपाकघरातल्या घड्याळाला याने फरक पडत नाही. पण ५-जीचे शेजारी शेजारी उभे असलेले टॉवर एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. एकाची बोलण्याची पाळी दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पाळीवर चढू नये, म्हणून त्यांची घड्याळं प्रमाण वेळेच्या दीड मायक्रोसेकंद आतबाहेर राहावी लागतात. युरोपात २०१८पासून अतिवेगवान शेअर व्यवहारांच्या नोंदींसाठी १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा आहे. नाहीतर कोणता सौदा आधी झाला हेच सांगता येत नाही.

दूरची दोन घड्याळं ताडून पाहण्याची पहिली खरी सोय विजेच्या तारेने केली. रेखांशांतला फरक म्हणजे स्थानिक वेळांतला फरक. त्यामुळे दोन गावांची घड्याळं तारेने ताडली, की त्यांच्यातलं पूर्व-पश्चिम अंतर मिळतं. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने १८४०च्या दशकात हे सुरू केलं. भारतीय सर्वेक्षण खात्याने १८७०च्या दशकात. अडचण एकच होती. तारेतून संकेत जायलाही वेळ लागतो, आणि तो किती हे आधी माहीत नसतं. यावर सर्वेक्षकांनी काढलेला तोडगा असा, की संकेत दोन्ही बाजूंनी पाठवायचा.

समजा, माझ्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झाले असताना मी तुम्हाला संकेत पाठवला. तुमच्या घड्याळात तो १० वाजून ९ सेकंदांनी पोचला. तुम्ही तुमच्या १० वाजून २० सेकंदांनी उलट संकेत पाठवलात आणि माझ्या घड्याळात तो १० वाजून २१ सेकंदांनी आला. जाताना ९ सेकंदांचा फरक दिसला, येताना १ सेकंदाचा. प्रवासाला दोन्ही वेळी सारखाच वेळ लागला असेल, तर दोन्ही फरकांची सरासरी, म्हणजे ५ सेकंद, हा प्रवासाचा वेळ. आणि त्यांच्या वजाबाकीचं अर्ध, म्हणजे ४ सेकंद, एवढं तुमचं घड्याळ माझ्या पुढे आहे.

पीटीपीचं सगळं गणित एवढंच आहे. चार वेळा, दोन वजाबाक्या, भागिले दोन. प्रमाणग्रंथात त्यांना टी-१ ते टी-४ म्हणतात.

आता त्या ‘सारखाच’ शब्दाकडे जरा बघा. समजा, जाताना ७ सेकंद लागले आणि येताना ३, आणि तुमचं घड्याळ ४ नव्हे, २ सेकंदच पुढे आहे. जाताना ७ अधिक २, म्हणजे ९. येताना ३ वजा २, म्हणजे १. दिसणारे आकडे तेच. त्याच तारेवरून हजार वेळा संकेत पाठवले, तरी या दोन शक्यतांतली खरी कोणती हे त्या संकेतांवरून कधीही ओळखता येणार नाही. मोजमापात अचूकता वाढवून सुटणारा हा प्रश्न नव्हे. वाट दोन्हीकडून सारखी आहे, हे आपण आधीच मानलेलं असतं.

या मानण्याचं पुढे काय झालं तो विज्ञानाच्या इतिहासातला प्रसिद्ध भाग आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या रेखांश मंडळाचा सदस्य असलेल्या आंरी प्वँकारेने १८९८ साली वेळेच्या मोजमापावर एक निबंध लिहिला. दोन दूरच्या घटना ‘एकाच वेळी’ घडल्या असं म्हणताना आपण काही नियम गृहीत धरतो, आणि ते नियम सोयीसाठी स्वीकारलेले असतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते मांडताना तारेने रेखांश काढणारे सर्वेक्षक त्याच्यासमोर होते. १९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयातल्या आइन्स्टाइनने हाच मुद्दा सापेक्षतेच्या पायाशी ठेवला: प्रकाशाला ‘अ’कडून ‘ब’कडे जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच परत यायला लागतो, ही आपण केलेली व्याख्या आहे. इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी या दोघांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. तारा, रेल्वे आणि घड्याळांची पेटंटं यांच्यापासून हा सिद्धान्त वेगळा काढता येत नाही, असं त्यांचं प्रतिपादन आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्यातला एकच धडा पुरेसा असतो. वाट सारखी मानली असेल, तर कुठे आणि किती मानली ते लिहून ठेवावं.

डोळा आणि कान, पुन्हा एकदा

संगणकांची घड्याळं नेटवर्कवरून जुळवण्याचं मोठं श्रेय डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांचं. त्यांचा एनटीपी, म्हणजे ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’, १९८५ साली कागदावर आला आणि आजही तुमच्या आमच्या संगणकांची वेळ लावतो. काचबिंदूने दृष्टी कमी होत गेली, तरी मिल्स त्यावर दशकानुदशकं काम करत राहिले. २०२४च्या जानेवारीत ते गेले. एनटीपीचं गणित तेच, चार वेळांचं. इंटरनेटवरून त्याची अचूकता मात्र काही मिलिसेकंदांवर येऊन थांबते.

एक कारण वाटेतली गर्दी. दुसरं कारण किनब्रूकचं. पॅकेट वायरवरून कार्डात पोचतं. कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे त्याचं दार ठोठावतं. प्रोसेसर दुसऱ्या कामात असतो. ते बाजूला ठेवून तो येतो, पॅकेट उचलतो आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आल्याची वेळ लिहितो. पॅकेट दारात आल्यापासून घड्याळाकडे नजर जाईपर्यंत कधी काही मायक्रोसेकंद जातात, कधी त्याच्या शंभर पट. ताऱ्याने धागा ओलांडणं आणि वहीत नोंद होणं यांच्यामधला हा तोच वेळ.

उशीर ठरलेला असेल तर वजा करता येतो. बदलता उशीर करता येत नाही. किनब्रूकचाही अर्ध्या सेकंदावरून आठ दशांशांवर सरकला होता. म्हणून एकोणिसाव्या शतकातले खगोलज्ञ निरीक्षकाला हळूहळू वाटेतून बाजूला करत गेले. आधी क्रोनोग्राफ आला: तारा धाग्यावर आला की बटण दाबायचं, आणि फिरत्या दंडगोलावर घड्याळाच्या सेकंदांशेजारी खूण उमटायची. कान सुटला, पण बोटाचा उशीर राहिला. शतकाच्या अखेरीस सरकत्या धाग्याचा मायक्रोमीटर आला. यात निरीक्षकाने धागा ताऱ्याबरोबर चालवत ठेवायचा आणि खुणा यंत्राने आपोआप करायच्या. इंग्रजीत त्याला ज्या नावाने ओळखत त्याचा अर्थच मुळी ‘व्यक्तिनिरपेक्ष’ असा होतो.

नेटवर्कमध्ये हाच प्रवास २००२ साली सुरू झाला. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या अजिलेंट कंपनीतले जॉन आयडसन यांच्या कामातून आयईईई १५८८ हे प्रमाण आलं. कारखान्यातली यंत्रं आणि प्रयोगशाळेतली उपकरणं एका लहान नेटवर्कवर घट्ट जुळवणं हा त्याचा हेतू होता. वेळेचा शिक्का सॉफ्टवेअरने मारायची सक्ती त्यात नव्हती. उलट तो वायरच्या जितका जवळ मारता येईल तितका मारावा, अशी त्याची रचना होती. पाठवताना खरी वेळ आधी कळत नसेल, तर निरोप आधी जाऊ द्यायचा आणि ‘मघाचा निरोप अमुक वेळी निघाला होता’ असं मागाहून कळवायचं. २००८च्या आवृत्तीने स्विचांनाही कामाला लावलं. पॅकेट आपल्या पोटात किती वेळ थांबलं ते स्विच त्याच्याच एका रकान्यात जमा करत जातो. पत्रावर वाटेतल्या प्रत्येक टपाल कार्यालयाने ‘आमच्याकडे इतका वेळ पडून होतं’ असं लिहावं, तसं.

लिनक्समध्ये हार्डवेअरचे शिक्के प्रोग्रॅमपर्यंत पोचवायची सोय २००९ साली इंटेलच्या पॅट्रिक ओली यांनी आणली. मग २०११ साली, लिनक्स ३.० मध्ये, रिचर्ड कॉक्रन यांनी कार्डातल्या घड्याळाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी स्वतंत्र घड्याळ म्हणून मान्यता मिळवून दिली. तोवर कार्डातलं घड्याळ हा ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरचा खासगी मामला होता. त्यानंतर ड्रायव्हरने ठरावीक कामं करून दिली की पुरे झालं: घड्याळ वाचणं, लावणं, पुढेमागे सरकवणं आणि त्याची चाल बदलणं.

कार्डाच्या पोटात

माझं काम या चार कामांचं होतं. वाचकाला कंटाळा येणार नाही एवढंच त्यातलं सांगतो.

गिगाबिट कार्डाच्या आत १२५ मेगाहर्ट्झची ठोक्यांची गती असते. दर ८ नॅनोसेकंदांना एक ठोका. प्रत्येक ठोक्याला एका मोजणीत ८ मिळवायचे, की झालं घड्याळ. नुसते ठोकेच मोजणारं ३२ बिटांचं रजिस्टर असेल, तर ते साडेचौतीस सेकंदांच्या आत भरून पुन्हा शून्यावर येतं. म्हणून ड्रायव्हरला अधूनमधून डोकावून किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब ठेवावा लागतो.

चाल बदलायची पद्धत मला फार आवडते. घड्याळ मागे पडत असेल तर ते एकदम पुढे ढकलत नाहीत. वेळ उडी मारू लागली की तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम गडबडतात. त्याऐवजी दर ठोक्याला ८ ऐवजी ८.०००००००८ मिळवायचे. घड्याळ अब्जात दहा भागांनी जलद होतं आणि हळूहळू गाठतं. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवतात. एक पेनी वाढवली की ते घड्याळ दिवसाला सुमारे ०.४ सेकंद पुढे जातं. आपली पेनी त्या मानाने खूपच हलकी, एवढाच फरक.

पाठवतानाचा शिक्का मात्र छळतो. पॅकेटची सुरुवात वायरवर जाते त्या क्षणी हार्डवेअर वेळ टिपून एका रजिस्टरमध्ये ठेवतं. पुष्कळ कार्डांत अशी जागा एकच असते. ड्रायव्हरने ती वाचून मोकळी केल्याशिवाय पुढच्या पॅकेटला शिक्का मिळत नाही. वेळेवर वाचली नाही, तर वरचा प्रोग्रॅम वाट बघून बघून हात टेकतो आणि जुळवणी तुटते. या एका जागेची राखण कशी करायची, यावर माझा निम्मा कोड खर्च झाला.

आणि मग ते जुनं कोडं पुन्हा भेटतं, तेही एका पेटीच्या आत. कार्डातलं घड्याळ जुळलं, पण प्रोग्रॅम बघतात ते संगणकाचं मुख्य घड्याळ. त्या दोघांना ताडायला हवं. प्रोसेसरने कार्डाचं रजिस्टर वाचायचं म्हटलं तरी निरोप बसवरून जातो आणि उत्तर परत येतं. म्हणून लिनक्स काय करतं? आधी मुख्य घड्याळ बघतं, मग कार्डाचं वाचतं, मग पुन्हा मुख्य घड्याळ बघतं. आणि कार्डाची वेळ पहिल्या आणि तिसऱ्या वेळेच्या बरोबर मधली धरतं. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला असं मानून. सर्वेक्षकांनी शेकडो मैलांच्या तारेवर केलं तेच, इथे काही सेंटिमीटरांवर.

कार्डाचं वैयक्तिक समीकरण

शिक्का वायरच्या जवळ मारतात, वायरवर नव्हे. शिक्का मारणारी जागा आणि प्रत्यक्ष वायर यांच्यामध्ये विजेच्या लहरींचे बिट आणि बिटांच्या लहरी करणारा भाग असतो. त्याला वेळ लागतो, आणि ऐकायला बोलण्यापेक्षा जास्त लागतो. येणाऱ्या लहरीतून ठोका ओळखायचा, गोंगाट बाजूला काढायचा, मग बिट उलगडायचे. लिनक्समधला इंटेलच्या आय-२१० कार्डाचा ड्रायव्हर उघडून बघा. त्यात सहा आकडे लिहिलेले आहेत. एक गिगाबिटच्या वेगाला पाठवताना १७८ नॅनोसेकंद, घेताना ४४८. शंभर मेगाबिटला १०२४ आणि २२१३. दहा मेगाबिटला ९५४२ आणि २०६६२.

दोन्ही टोकांना हुबेहूब एकच कार्ड असेल, तर हे आकडे चुकले तरी चुका एकमेकींना खातात. टोकांना वेगळी कार्डं असली, की खात नाहीत; उरलेल्या फरकाचं अर्ध थेट घड्याळात उतरतं. आणि आपण मघाशी पाहिलं तसं, कोणतंही पॅकेट ते सांगू शकत नाही. सगळे आलेख सपाट दिसतात. घड्याळ ठामपणे, स्थिरपणे चुकीचं असतं.

म्हणून हे आकडे बाहेरूनच मोजावे लागतात. एक युक्ती एकोणिसाव्या शतकातलीच आहे. रेखांश मोजताना दोन टोकांचे निरीक्षक मध्येच जागा बदलत, म्हणजे दोघांची वैयक्तिक समीकरणं उलट बाजूने लागून सरासरीत उडून जात. आज प्रयोगशाळेत जाण्यायेण्याचे दोन ऑप्टिकल फायबर आपसांत बदलतात. तारांच्या लांबीत फरक असेल तर घड्याळांमधलं अंतर तेवढ्याने हलतं आणि फरक उघडा पडतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सुरू झालेल्या ‘व्हाइट रॅबिट’ प्रकल्पात याहून पुढे जाऊन एकाच फायबरमधून दोन रंगांचा प्रकाश दोन दिशांना पाठवतात. रंगामुळे वेगात पडणारा फरक आधी मोजून ठेवतात, आणि एका नॅनोसेकंदाच्या आत जुळवणी करतात. १५८८च्या २०१९च्या आवृत्तीत त्यांची पद्धत सामावून घेतली गेली.

मोजलं नाही तर काय होतं त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही सर्नशीच जोडलेलं आहे. सप्टेंबर २०११मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की सर्नहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचत आहेत. आइन्स्टाइन चुकला की काय, अशी जगभर चर्चा झाली. काही महिन्यांनी कारण सापडलं. जीपीएसकडून वेळ आणणाऱ्या एका फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. त्यामुळे वेळेचा निरोप ७० नॅनोसेकंदांहून थोडा जास्त उशिरा पोचत होता. दुसऱ्या एका घड्याळाची चूक उलट दिशेने होती. तिने यातला थोडा भाग झाकला होता. मार्च २०१२मध्ये प्रयोगाच्या प्रवक्त्यांनी आणि भौतिकशास्त्र समन्वयकांनी राजीनामे दिले. निरोपाला लागलेला वेळ नीट मोजला गेला नव्हता, आणि पुन्हा माणसांची पदं गेली.

कुणाची वेळ?

एक प्रश्न राहिला. घड्याळं जुळवायची म्हणजे कुणाचं तरी बरोबर मानायचं. ते कुणाचं?

तारेचं युग आलं तेव्हा हा प्रश्न मुंबईला फार जवळून भेटला. मद्रासच्या वेधशाळेची वेळ तारेने रेल्वेला जाई, म्हणून आगगाड्या मद्रास टाइमने धावत. तो मुंबईच्या सूर्याच्या सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ साली सरकारने हीच वेळ मुंबई शहरावर लादून पाहिली. विरोध एवढा झाला की दोनेक वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबई टाइमच्या ३९ मिनिटं पुढे. गिरणीच्या भोंग्याने उठणाऱ्यांना याचा अर्थ साधा होता: जानेवारीच्या अंधारात ३९ मिनिटं आधी कामावर. त्या महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी कामाला नकार दिला, गिरण्यांवर दगडफेकही झाली. मुंबई टाइम पुरता जायला स्वातंत्र्यानंतरचं, १९५०चं दशक उजाडावं लागलं. तारेवर ती ३९ मिनिटं म्हणजे नुसती एक बेरीज होती. ज्यांना ती जगायची होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पीटीपीत कुणाचं घड्याळ बरोबर हे यंत्रं आपसांत ठरवतात. प्रत्येक जण आपली ओळख आणि दर्जा जाहीर करतो, आणि एका ठरलेल्या क्रमाने तुलना होऊन एक जण ‘ग्रँडमास्टर’ होतो. मला वाटलं होतं, की पहिला निकष घड्याळाच्या दर्जाचा असेल. तो तसा नाही. पहिला निकष ‘प्राधान्य एक’ हा आकडा. शून्य ते २५५मधला, लहान तो मोठा, आणि माणसाने हाताने भरलेला. घड्याळ अणूवर चालतं की स्वस्तातल्या स्फटिकावर, हे त्यानंतर बघतात. अणुघड्याळ बाजूला ठेवून भिकार घड्याळाला राजज्योतिषी करायचं असेल, तर एक आकडा बदलणं पुरेसं आहे. आणि मग मास्केलिनप्रमाणेच त्याचा उशीर शून्य धरला जातो. २०२२च्या एका दुरुस्तीने ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ या शब्दांना ‘वेळ देणारा’ आणि ‘वेळ घेणारा’ अशा अर्थाचे पर्याय सुचवले. शब्द बदलले ते बरंच झालं. देणारा कोण हे ठरवणारा आकडा मात्र अजून माणूसच लिहितो.

माझ्या ड्रायव्हरमध्येही शेवटी दोन आकडे लिहावे लागले: पाठवण्याचा उशीर आणि घेण्याचा उशीर. कार्डाच्या कागदपत्रांत एक जोडी होती. मोजल्यावर निघालेली जोडी तिच्याशी तंतोतंत जुळत नव्हती; फरक थोड्याच नॅनोसेकंदांचा, पण होता. मोजलेली जोडी ठेवली. त्यांच्या वर एक लांब टिप्पणी लिहिली: कोणत्या वेगाला मोजले, किती लांबीच्या वायरने, समोर कोणतं उपकरण होतं, ऑसिलोस्कोपवर दोन्ही घड्याळांचे सेकंदाचे ठोके कसे ताडले, दोन टोकांची अदलाबदल केल्यावर काय दिसलं आणि काय गृहीत धरलं. कोड तपासणाऱ्याने विचारलं, दोन आकड्यांसाठी एवढ्या ओळी कशाला. मी म्हटलं, बाकीचा कोड चुकला तर यंत्र सांगेल. हे दोन आकडे चुकले तर कुणीच सांगणार नाही.

टिप्पणी तशीच राहिली.